धागा: निकाल लागायच्या आधी न्यायमूर्तींचे मत फिरते, ते का?

शमिका_द (धागाकर्ती)

बरेच दिवस एकच प्रश्न मनात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली आरोग्यविम्याच्या कायद्याचा खटला चालला. मार्चअखेर तीन दिवस युक्तिवाद झाले. मग नऊ न्यायमूर्ती बंद खोलीत बसले आणि प्रत्येकाने आपापले मत सांगितले. २८ जूनला निकाल आला, तेव्हा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या एका मतामुळे कायद्याचा मुख्य भाग ५ विरुद्ध ४ असा वाचला. तीनच दिवसांत आतल्या सूत्रांच्या हवाल्याने बातमी आली की रॉबर्ट्स सुरुवातीला दुसऱ्या बाजूला होते आणि निकालपत्रे लिहिली जात असताना त्यांचे मत बदलले.

तेव्हापासून दोनच तऱ्हेची उत्तरे वाचायला मिळतात. एक पक्ष म्हणतो, ते दबावाखाली वाकले. दुसरा म्हणतो, त्यांनी न्यायालयाची प्रतिष्ठा राखली. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मत फिरले याचे कारण कायद्याच्या बाहेरचेच असणार. मला हे पटत नाही. माणूस ऐकताना एक विचार करतो आणि लिहायला बसला की त्याला दुसरेच दिसू लागते, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचे आहे. न्यायाधीशालाच ही मुभा का नको?

निकालपत्र पाहा. विमा घेण्याची सक्ती संसदेच्या व्यापारविषयक अधिकाराखाली करता येत नाही, हा विरोधकांचा मुद्दा रॉबर्ट्स यांनी मान्यच केला. विमा न घेणाऱ्याला भरावी लागणारी रक्कम मात्र कर म्हणून टिकते, असे ते म्हणाले. राज्यांनी मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेचा) विस्तार केला नाही तर त्यांचा आधीपासूनचा निधी रोखण्याची तरतूद ७ विरुद्ध २ अशी अडवली गेली. नुसती माघार घेणारा माणूस इतका वाकडा आणि कष्टाचा रस्ता धरेल, असे मला वाटत नाही.

---

रोखठोक

शमिकाताई, वाकडा रस्ता हीच तर तडजोडीची खूण नाही का? दोन्ही बाजूंना थोडे थोडे द्यायचे म्हटले की रस्ता वाकडाच होतो.

माझा आक्षेप माणसाने मत बदलण्याला नाही, ते बंद दाराआड बदलण्याला आहे. त्या खोलीत नऊ जणांशिवाय कुणीच नसते. दारावर टकटक झाली तर सर्वांत कनिष्ठ न्यायमूर्ती उठून दार उघडतात, इतकी गुप्तता. मग मत अभ्यासाने बदलले की भीतीने, हे बाहेरच्याने ओळखायचे कसे? १९३७ चे प्रकरण आठवा. अध्यक्ष रुझवेल्ट यांनी न्यायमूर्तींची संख्या वाढवण्याची योजना मांडली, आणि किमान वेतनाचे कायदे मोडीत काढणारे न्यायालय अचानक त्याच कायद्यांच्या बाजूने उभे राहिले. ऐनवेळच्या त्या पलटीने नऊ जणांचे न्यायालय वाचले, असे अमेरिकेत आजही म्हणतात.

---

अॅड_मृण्मयी

रोखठोक, या प्रकरणातल्या तारखा एकदा ओळीने लावून बघा. सांगितली जाते ती गोष्ट तारखांवर टिकत नाही.

एल्सी पॅरिश ही हॉटेलात खोल्या साफ करणारी बाई. वॉशिंग्टन राज्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा तिला कमी पैसे मिळाले आणि तिने फरकाच्या २१६ डॉलर १९ सेंटसाठी दावा लावला. निकाल २९ मार्च १९३७ चा, रुझवेल्ट यांची योजना ५ फेब्रुवारी १९३७ ची. एवढेच पाहिले तर योजना आली आणि न्यायालय घाबरले असेच दिसते. पण न्यायमूर्तींची बैठक १९ डिसेंबर १९३६ ला झाली होती आणि ओवेन रॉबर्ट्स यांनी (२०१२ च्या रॉबर्ट्स यांच्याशी यांचा संबंध नाही, फक्त आडनाव सारखे) त्याच दिवशी कायद्याच्या बाजूने मत दिले होते. न्यायमूर्ती स्टोन आजारी असल्याने मते ४-४ अशी अडकली आणि निकाल त्यांच्यासाठी थांबला. म्हणजे रॉबर्ट्स यांनी मत दिले तेव्हा योजना जाहीर व्हायला दीड महिन्याहून जास्त अवकाश होता.

---

रोखठोक

तारखा मान्य. मग दुसरी तारीख मी देतो. नोव्हेंबर १९३६ मध्ये रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून आले. ही बैठक त्यानंतरची. शिवाय त्याच वर्षी १ जूनला याच ओवेन रॉबर्ट्स यांनी न्यूयॉर्कचा जवळपास तसाच कायदा रद्द करणाऱ्या पाच जणांत मत दिले होते. सहा महिन्यांत असा कोणता नवा कायदेशीर मुद्दा निघाला?

---

अॅड_मृण्मयी

रास्त प्रश्न आहे. त्याचे रॉबर्ट्स यांचे स्वतःचे उत्तर उपलब्ध आहे. किमान वेतनाचा कायदा घटनाबाह्य ठरवणारा १९२३ चा जुना निकाल रद्द करा, अशी मागणीच न्यूयॉर्कच्या वकिलांनी केली नव्हती, आमचा कायदा वेगळा आहे एवढेच ते म्हणत होते, आणि तो वेगळेपणा मला दिसला नाही, असे त्यांचे म्हणणे. हे त्यांनी १९४५ साली एका टिपणात लिहून न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याकडे दिले. ते छापले गेले १९५५ मध्ये, रॉबर्ट्स यांच्या मृत्यूनंतर. १९३७ च्या निकालात त्यांनी स्वतंत्र असा एक शब्दही लिहिला नाही. माझ्या दृष्टीने त्यांची चूक काही असेल तर ही. मत बदलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण ज्या बाईचा पगार अडला होता आणि न्यूयॉर्कच्या ज्या बायकांचा आदल्या जूनमध्ये बुडाला होता, त्यांना सहा महिन्यांत काय बदलले ते कळायला हवे होते.

---

निवृत्त_स्टेनो

वकील मंडळींच्या चर्चेत सहसा बोलत नाही, पण हा विषय माझ्या डोळ्यांसमोरचा आहे.

मी एकतीस वर्षे कोर्टात स्टेनो होतो. न्यायाधीश चेंबरमध्ये निकाल सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये उतरवायचो, मग टाइप करून द्यायचो. एक दिवाणी दावा होता, दोन भावांचा. सगळे एका खरेदीखतावर अवलंबून. साहेबांनी दुपारपर्यंत बावीस पाने होतील एवढा मजकूर सांगितला, न अडखळता. मग मुद्दा क्रमांक चार आला. "खरेदीखत शाबीत झाले आहे, कारण" एवढे म्हणाले आणि थांबले. मी पेन्सिल धरून बसलो. ते खिडकीपाशी गेले, परत आले, कागद चाळले. "कारण"च्या पुढे काही येईना. पाच-दहा मिनिटांनी म्हणाले, आजचे राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही वकिलांना बोलावून त्याच एका मुद्द्यावर पुन्हा युक्तिवाद ठेवला.

बाहेर लगेच कुजबुज सुरू झाली की कुणीतरी साहेबांना भेटले. कुणी भेटले नव्हते. मी खोलीत होतो. अडले होते ते "कारण" या शब्दावर.

---

शमिका_द

नाना, तुम्ही लिहिलेत ते अमेरिकेतल्या कागदपत्रांत जवळजवळ तसेच्या तसे सापडते. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांची खासगी कागदपत्रे त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, २००४ मध्ये खुली झाली. १९९२ साली शाळेच्या पदवीदान समारंभातल्या प्रार्थनेचा खटला होता. प्रार्थना चालू द्यावी, या बाजूचे बहुमताचे निकालपत्र लिहायचे काम न्यायमूर्ती केनेडी यांच्याकडे होते. त्यांनी मसुदा लिहिला, आणि ब्लॅकमन यांना कळवले की लिहून झाल्यावर तो मला पार चुकीचा दिसू लागला. शेवटी त्यांनीच उलट बाजूने निकाल लिहिला आणि ५ विरुद्ध ४ ने प्रार्थना घटनाबाह्य ठरली.

स्वतः ब्लॅकमन यांचेही असेच झाले होते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचा वेतन आणि कामाच्या तासांचा कायदा लागू करता येत नाही, या १९७६ च्या ५-४ निकालात ते बहुमतात होते, थोडे कचरतच. १९८४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. आधीच्याच बाजूने लिहायला बसले आणि लिहिता येईना. राज्याचे परंपरागत काम कोणते आणि कोणते नाही, याची रेघ कुठे ओढायची ते ठरेना. फेरसुनावणी झाली आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ब्लॅकमन यांनीच १९७६ चा निकाल रद्द करणारे निकालपत्र लिहिले, पुन्हा ५-४ ने. नऊ वर्षे खालच्या न्यायालयांनी ती रेघ ओढायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकाची वेगळीकडे गेली, हे त्यांनी उदाहरणे देऊन दाखवले आहे. मत बदलले आणि का बदलले ते समोर ठेवले. मला अभिप्रेत आहे ते हे.

---

अनघा_वाचक

मी वकील नाही, त्यामुळे साधा प्रश्न. मत बदलण्याची मुदत कधी संपते? बैठकीत मत दिले म्हणजे दिले, असे नसते का?

---

अॅड_मृण्मयी

अनघाताई, यावर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा फार सुंदर निकाल आहे. सुरेंद्र सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, १९५३. लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस.

उच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी एक फौजदारी अपील ऐकले. त्यातल्या एकांची नंतर दुसरीकडे बदली झाली. त्यांनी दोघांच्या वतीने निकाल तयार केला, पानापानावर सही केली आणि सहकाऱ्याकडे पाठवून दिला. निकाल कोर्टात वाचला जाण्याआधी, डिसेंबर १९५२ मध्ये, त्यांचे निधन झाले. सहकाऱ्याने जानेवारी १९५३ मध्ये सही करून तो जाहीर केला. प्रश्न असा की हा दोन न्यायमूर्तींचा निकाल मानायचा का? मृत न्यायमूर्तींच्या सह्या तर स्पष्ट होत्या.

न्या. बोस म्हणाले, नाही. खुल्या कोर्टात निकाल जाहीर होईपर्यंत न्यायाधीशाला मत बदलण्याचा अधिकार आहे. तोवर हातात असतो तो मसुदा, मग त्यावर कितीही सह्या असोत. शेवटच्या क्षणी मत बदलले असते, ही शक्यता मृत्यूने कायमची संपवली. म्हणून ते त्यांचे अखेरचे मत धरता येत नाही.

मला हा तर्क फार भिडतो. इथे मत बदलण्याचा अधिकार ही न्यायाधीशाला दिलेली सवलत नाही. तो अधिकार हाताशी असताना जे मत दिले जाते, त्यालाच निकाल म्हणायचे.

जाहीर झाल्यावर मात्र दार बंद. फौजदारी निकालावर सही झाली की लेखनिकी चूक सोडून त्याला हात लावता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३६२ होते, नव्या संहितेत ४०३ आहे.

---

शमिका_द

मृण्मयी, याचे जुळे भावंड अमेरिकेत आहे. न्यायाधीश स्टीफन राइनहार्ट २९ मार्च २०१८ ला वारले. समान वेतनाच्या एका खटल्यात त्यांनी लिहिलेला निकाल अपील न्यायालयाने अकरा दिवसांनी, ९ एप्रिलला जाहीर केला आणि त्यांचे मत धरून ११ पैकी ६ असे बहुमत मोजले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण तेच. निकाल बाहेर पडेपर्यंत न्यायाधीश मत बदलू शकतो, आणि मेलेला माणूस मत बदलू शकत नाही. संघीय न्यायाधीशांची नेमणूक आजन्म असते, अनंतकाळासाठी नाही, असे त्यात म्हटले आहे.

---

रोखठोक

दोन्ही निकाल माहीत नव्हते, मनापासून आभार. माझी शंका थोडी सरकली आहे, पण गेलेली नाही. आता उलट्या बाजूचे उदाहरण देतो.

न्यायमूर्ती पॉवेल, १९८६. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जॉर्जियाच्या कायद्याचा खटला. बैठकीत त्यांनी कायद्याविरुद्ध मत दिले, काही दिवसांत फिरवले, आणि ५-४ ने तो कायदा टिकला. त्या काळात ते आपल्या एका लॉ क्लर्कला म्हणाले की मी आजवर एकही समलिंगी माणूस पाहिलेला नाही. तो क्लर्क स्वतः समलिंगी होता. निवृत्तीनंतर, १९९० मध्ये, पॉवेल यांनी विद्यार्थ्यांसमोर कबूल केले की बहुधा माझे चुकले. तो निकाल रद्द व्हायला २००३ उजाडले.

त्याहून जिव्हारी लागणारे म्हणजे मॅक्लेस्की. फाशीच्या शिक्षेत वर्णभेद होतो, हे आकडेवारीने दाखवणारा खटला. १९८७ मध्ये आरोपीविरुद्ध ५-४ असा निकाल लागला, आणि तो लिहिला होता पॉवेल यांनीच. १९९१ मध्ये त्यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितले की एखादे मत बदलता आले असते तर हे बदलले असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवले गेले.

मत बदलण्याचा अधिकार मला मान्य आहे. पण एकदा ते चुकीच्या दिशेने बदलले आणि एकदा बरोबर दिशेने, तेही उशिरा. दोन्हींची किंमत भरली ती दुसऱ्यांनी.

---

अनघा_वाचक

मॅक्लेस्कीचे वाचून सुन्न झाले. चार वर्षे.

---

कायद्याचा_विद्यार्थी

मी दुसऱ्या वर्षाला आहे, चुकलो तर सांभाळून घ्या. उशिरा का होईना, पण पदावर असताना चूक मान्य केली गेली तर काय होते, याचे उदाहरण आम्हाला शिकवले होते. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या मुलांनी शाळेत झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला, आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८-१ ने सक्ती मान्य केली. त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. १९४२ मध्ये दुसऱ्याच एका खटल्यात ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तिघांनी लिहून टाकले की १९४० चा निकाल चुकीचा होता असे आम्हाला आता वाटते. मग १४ जून १९४३ ला ६-३ ने सक्ती रद्द. त्या सहांपैकी तिघे हेच.

तिघांनी निकालपत्रातच चूक मान्य केली. त्यासाठी निवृत्तीची वाट पाहिली नाही.

---

अॅड_मृण्मयी

अगदी बरोबर सांगितलेस. १९४३ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी पुढे १९४८ मध्ये दुसऱ्या खटल्यात लिहिले आहे की काल नकळत चुकलो म्हणून आज कळूनसवरून चुकत राहण्याचे मला कारण दिसत नाही.

आपल्याकडेही पाहू. केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, ७-६. घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड तेव्हा अल्पमतात होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये पंतप्रधानांच्या निवडणुकीच्या खटल्यात त्यांनी तीच चौकट आधाराला घेतली, आणि १९८० मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्सच्या निकालात तर ती अधिक बळकट केली. याला मत फिरवणे म्हणायचे का? मी म्हणणार नाही. तुम्ही हरलात, बहुमताचा निकाल आता कायदा झाला, तो तुम्ही मनापासून लागू करता. यालाही ताकद लागते, आणि ती पलटीपेक्षा वेगळी आहे.

---

रोखठोक

मग शबरीमला? सप्टेंबर २०१८ मध्ये ४-१ ने स्त्रियांना प्रवेश. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुनर्विचार याचिकांवर ३-२ ने प्रश्न मोठ्या पीठाकडे. न्यायमूर्ती खानविलकर दोन्ही वेळा बहुमतात होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी तत्कालीन सरन्यायाधीशांच्या निकालपत्रावर सही केली. स्वतंत्र असे काहीच लिहिले नाही.

---

अॅड_मृण्मयी

२०१९ मध्ये आधीचा निकाल चूक ठरवला गेला नाही, काही व्यापक प्रश्न मोठ्या पीठाने आधी ठरवावेत असे म्हटले गेले, एवढी नोंद करायला हवी. तरी तुमचा मुद्दा मला मान्य आहे. आधीच्या निकालात होते आणि नंतरच्या निकालातही निर्णायक ठरले, त्यांनी दोन परिच्छेद स्वतःचे लिहायला हवे होते. वकील म्हणून मला ते वाचायचे होते.

---

शमिका_द

रोखठोक, तुमच्या पहिल्या प्रश्नाला, अभ्यास की भीती हे बाहेरच्याने ओळखायचे कसे, माझे उत्तर आता जरा वेगळे झाले आहे. मनात शिरून बघता येत नाही. २०१२ च्या रॉबर्ट्स यांच्याबद्दलही मला खात्रीने सांगता येणार नाही, आणि सुरुवातीला मी ते फार ठामपणे लिहिले. पण ब्लॅकमन यांचे १९८५ चे निकालपत्र कुणीही वाचू शकतो, त्यातली कारणे टिकतात का ते तपासू शकतो. ओवेन रॉबर्ट्स यांनी तपासायला काही ठेवलेच नाही, म्हणून त्यांच्यावर आजही वाद चालतो.

गुप्ततेबद्दल मात्र मी ठाम आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत गर्भपाताच्या खटल्यातला मसुदा निकालाआधी फुटला. एकदा सगळ्या जगाने तुमचे मत वाचले की ते बदलायचे कसे? बदलले तर दबावाला बळी, नाही बदलले तर प्रश्नच मिटला. बंद खोलीमुळे बाहेरच्यांना संशय येतो हे खरे, पण आतल्या माणसाला चूक कबूल करायला तीच जागा असते.

नाना, एक विचारायचे राहिले. त्या दोन भावांच्या दाव्याचे पुढे काय झाले?

---

निवृत्त_स्टेनो

विचारलेत म्हणून सांगतो. बाहेर सगळ्यांनी धरले होते की निकाल आता उलटा लागणार. नाही लागला. फेरयुक्तिवादात धाकट्याच्या वकिलांनी दस्त लिहिणाऱ्याच्या उलटतपासणीतली एक ओळ दाखवली, जी पहिल्या वेळी कुणी वाचूनच दाखवली नव्हती. साहेबांनी महिन्याभराने पुन्हा निकाल सांगायला घेतला. मुद्दा क्रमांक चार आला. "खरेदीखत शाबीत झाले आहे, कारण" म्हणाले, आणि त्या "कारण"च्या पुढे अडीच पाने सलग सांगितली.

थोरल्याने अपील केले. ते त्याच अडीच पानांवर चालले.

पहिल्या वेळच्या शॉर्टहँडची पाने साहेबांनी माझ्याकडून मागून घेतली आणि माझ्यासमोर फाडली.